ब्रिटिश मोटारसायकलींवरील आटे

बोल्ट, स्टड किंवा स्क्रू यांच्या दंडगोल अंगावर आणि नटाच्या छिद्रात कापलेल्या मळसूत्राकार खाचेला आटा म्हणतात. बाहेरील व आतील आटा एकमेकांत अचूक बसले, तरच जोड पक्का होतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सु. १९८० पर्यंत इंग्लंडमध्ये तयार झालेल्या मोटारसायकलींवर सहा-सात निरनिराळ्या पद्धतींचे आटे आढळतात. पुष्कळदा ते एकाच गाडीवर एकत्र असतात. एकाच स्टडच्या दोन टोकांना दोन पद्धतींचे आटे असल्याची उदाहरणेही सर्रास मिळतात.

ही विविधता कारखानदारांच्या लहरीतून आलेली नाही. प्रत्येक पद्धत एखादी निश्चित गरज भागविण्यासाठी निघाली आणि नवी पद्धत आल्यावरही जुनी पूर्णपणे हटली नाही. त्यामुळे जुन्या गाडीवरील बोल्टचा आटा ओळखताना त्या उद्योगाचा इतिहास माहीत असणे आवश्यक ठरते. हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांच्या कुतूहलाचा नाही. यांतील काही आटे एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की, चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे सहज फिरतो. पुढे पान्याने जोर लावला की ॲल्युमिनियमाच्या आवरणातील आटे उखडले जातात. ज्या गाडीचे सुटे भाग बनणे थांबून अनेक दशके लोटली आहेत, तिच्या क्रँककेसचे असे नुकसान भरून काढणे कठीण असते. ब्रेक व चाके यांच्या जोडांत हीच चूक चालकाच्या जिवावर बेतू शकते.

आट्याची तीन मापे : कोणताही आटा मुख्यतः तीन मापांनी निश्चित होतो. पहिले माप बाह्य व्यासाचे, म्हणजे आट्याच्या माथ्यावरून घेतलेल्या व्यासाचे. दुसरे माप अंतरालाचे, म्हणजे लगतच्या दोन माथ्यांमधील अंतराचे. कारागीर यालाच पिच म्हणतात. इंच पद्धतीत अंतराल सरळ न सांगता दर इंचास किती आटे आहेत, ते सांगण्याची रीत आहे. तिसरे माप आट्याच्या दोन उतरत्या बाजूंमधील कोनाचे. पहिली दोन मापे जुळली तरी तिसरे जुळेलच असे नाही, आणि ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत घोटाळा होतो तो बहुधा येथेच.

व्हिटवर्थ आटे : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे कापीत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. यंत्र बिघडले की ते मूळ कारखान्याकडेच न्यावे लागे. जोझेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) या अभियंत्याने या गोंधळावर पहिला परिणामकारक उपाय सुचविला. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली (१७७१–१८३१) यांच्या कारखान्यात अचूक कामाचे शिक्षण घेऊन त्यांनी १८३३ मध्ये मँचेस्टर येथे स्वतःचा व्यवसाय सुरू केला. देशातील अनेक कारखान्यांचे बोल्ट गोळा करून, त्यांची मापे घेऊन व त्यांचा मध्यम काढून त्यांनी एक समान मालिका आखली आणि १८४१ मध्ये ती लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनियर्स या संस्थेपुढे मांडली. या आट्याचा कोन ५५° असून माथा व तळ दोन्ही गोलाकार असतात. आट्याची खोली अंतरालाच्या ०.६४ पट असते. रेल्वे कंपन्यांनी व यंत्रनिर्मात्यांनी ही मालिका स्वीकारली आणि राष्ट्रव्यापी प्रमाणीकरणाचे ते पहिले मोठे उदाहरण ठरले.

व्हिटवर्थ आटा जाड असतो. पाव इंच व्यासाच्या बोल्टवर दर इंचास २० व अर्ध्या इंचाच्या बोल्टवर १२ आटे असतात. बिडाच्या व पुढे ॲल्युमिनियमाच्या ओतीव भागांसाठी असे जाड आटे योग्य ठरतात, कारण मऊ किंवा ठिसूळ धातूत बारीक आटे तग धरत नाहीत. म्हणूनच ब्रिटिश मोटारसायकलींच्या क्रँककेसमध्ये व गिअरपेटीच्या आवरणात शिरणाऱ्या स्टडच्या टोकाला व्हिटवर्थ आटा आढळतो. पोलादी भागांसाठी, विशेषतः सतत कंप पावणाऱ्या यंत्रांत, तो गैरसोयीचा असतो. त्याचा चढ अधिक असल्याने नट सैल होण्याकडे कल राहतो आणि खाच खोल असल्याने बोल्टचा गाभा बारीक होतो.

बी. एस. एफ. आटे : ही उणीव दूर करण्यासाठी १९०८ मध्ये ब्रिटिश प्रमाणित बारीक आट्यांची मालिका पुढे आली. तिचे आद्याक्षरी नाव बी. एस. एफ. असे रूढ आहे. व्हिटवर्थचा ५५° कोन व गोलाकार माथा तसाच ठेवून या मालिकेत आट्यांची संख्या वाढविण्यात आली. पाव इंचास दर इंची २६, तीन अष्टमांश इंचास २० व अर्ध्या इंचास १६ असे तिचे प्रमाण आहे. मोटारगाड्यांच्या व विमानांच्या एंजिनांत ती विशेष प्रचारात होती. मोटारसायकलींवर ती मुख्यतः एंजिनातील पोलादी जोडांत भेटते.

सायकल आटे : मोटारसायकलीचा जन्म इंग्लंडमध्ये बव्हंशी सायकलींच्या कारखान्यांत झाला. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीने १८८९ पासून सायकली आणि १९०२ मध्ये पहिली मोटारसायकल तयार केली. रेडिच येथील रॉयल एनफील्ड व मूळची बंदुका बनविणारी बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बी. एस. ए.) या कंपन्याही सायकलींच्या वाटेनेच मोटारसायकलींकडे आल्या. जेम्स लॅन्सडाउन नॉर्टन यांनी १८९८ मध्ये स्थापिलेला व्यवसाय आरंभी दुचाकींचे सुटे भाग पुरवीत असे. या कारखान्यांतील टॅप, डाय व कारागिरांचे हात सायकलीच्या आट्यांना सरावलेले होते. साहजिकच तेच आटे नव्या वाहनावर आले.

सायकल एंजिनियर्स इन्स्टिट्यूट या संस्थेने १९०२ मध्ये हे आटे प्रमाणित केले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांना सी. ई. आय. आटे म्हणतात; पुढे ब्रिटिश मानकांत समाविष्ट झाल्यावर बी. एस. सी. हे नावही मिळाले. यांचा कोन ६०° असून माथा व तळ गोलाकार असतात. त्यांचे ठळक वैशिष्ट्य असे की, व्यास बदलला तरी आट्यांची संख्या बहुधा बदलत नाही. पाव इंचापासून अर्ध्या इंचापर्यंतच्या व्यासांना दर इंचास २६ आटे असतात. मोठ्या व्यासांसाठी दर इंचास २० आट्यांची जोडमालिका आहे. सायकलीच्या सांगाड्यातील पातळ नळ्यांवर खोल आटे कापणे शक्य नसते, तेथे हे उथळ आटे सोयीचे ठरले. मोटारसायकलीच्या कंपनांतही ते चांगले टिकतात. त्यामुळे सांगाडा, चाकांचे आस, पुढचा काटा आणि एंजिनाच्या स्टडची नटाकडील टोके येथे सायकल आटे १९६० च्या दशकापर्यंत प्रमुख राहिले.

बी. ए. आटे : घड्याळे, तारायंत्रे व शास्त्रीय उपकरणे यांतील लहान स्क्रूंसाठी व्हिटवर्थची मालिका अपुरी होती. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने नेमलेल्या समितीने १८८४ मध्ये वेगळी मालिका सुचविली. स्वित्झर्लंडमधील मार्क त्यूरी यांच्या पद्धतीवर ती आधारलेली होती. ब्रिटिश असूनही ती मिलिमीटरांत आखलेली आहे. तिचा कोन ४७.५° असून आकारांना क्रमांक दिलेले आहेत. शून्य क्रमांकाचा व्यास ६ मिमी. व अंतराल १ मिमी.; पुढील प्रत्येक क्रमांकाचे अंतराल आधीच्याच्या नऊ दशांश असते. म्हणजे क्रमांक वाढतो तसा स्क्रू लहान होत जातो. दोन क्रमांकाचा व्यास ४.७ मिमी., तर सहाचा २.८ मिमी. असतो. मॅग्नेटो, डायनॅमो, दिवे, स्विच व कार्ब्युरेटर यांवर हे स्क्रू हमखास असतात.

नळांचे व स्पार्क प्लगचे आटे : पेट्रोलच्या टाकीची तोटी व तेलाच्या काही जोडण्या यांसाठी ब्रिटिश प्रमाणित नळ-आटे वापरले जात. यांचे नाव फसवे आहे. पाव इंची नळ-आटा म्हणजे पाव इंच व्यासाचा आटा नव्हे. नाममात्र माप नळाच्या पोकळीचे असून आट्याचा बाह्य व्यास सु. ०.५१८ इंच भरतो व दर इंचास १९ आटे असतात. याउलट स्पार्क प्लगचा आटा जगभर मेट्रिकच आहे. जुन्या एंजिनांत १८ मिमी. व्यास आणि १.५ मिमी. अंतराल, तर नंतरच्या एंजिनांत बहुधा १४ मिमी. व्यास आणि १.२५ मिमी. अंतराल असे त्याचे माप असते. अस्सल ब्रिटिश म्हणून मिरविणाऱ्या एंजिनाच्या माथ्यातही एक मेट्रिक आटा असतोच.

युनिफाइड आटे : अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये फिलाडेल्फिया येथे ६०° कोनाचा व सपाट माथ्याचा आटा सुचविला आणि तोच तेथे रूढ झाला. दोन देशांतील या फरकाची खरी किंमत दुसऱ्या महायुद्धात कळून आली. रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन विमान-एंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीकडे बनविण्यास दिले, तेव्हा त्यातील ब्रिटिश आटे कायम ठेवण्यासाठी पॅकार्डला त्या मापांचे टॅप व डाय स्वतः घडवावे लागले. युद्धानंतर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे एकीकृत म्हणजे युनिफाइड आट्यांचा करार केला. कोन ६०° ठरला. जाड व बारीक अशा दोन मालिका आखण्यात आल्या.

ब्रिटिश मोटारगाड्यांनी हे आटे लवकर स्वीकारले. मोटारसायकलींचे कारखाने मात्र जुनी हत्यारे व जुने आराखडे यांवर चालत राहिले. ब्रिटिश मानक संस्थेने १९६५ मध्ये व्हिटवर्थ, बी. एस. एफ. व बी. ए. हे आटे नव्या आराखड्यांत वापरू नयेत, मेट्रिक आट्यांस प्रथम व युनिफाइड आट्यांस द्वितीय पसंती द्यावी, असे धोरण जाहीर केले. ट्रायम्फ व बी. एस. ए. यांच्या गाड्यांत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून युनिफाइड आटे भागाभागाने येऊ लागले. नॉर्टनची १९६७ मध्ये सादर झालेली कमांडो ही याचे बोलके उदाहरण होय : जुन्या एंजिनातून चालत आलेल्या भागांवर जुने आटे आणि नव्याने आखलेल्या भागांवर युनिफाइड आटे. हे स्थित्यंतर पुरते होण्याआधीच उद्योग कोसळला. बी. एस. ए. समूह १९७३ मध्ये मोडकळीस आला आणि ट्रायम्फचा मेरिडेन येथील कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. त्यामुळे या शेवटच्या काळातील गाड्यांवरच आट्यांची सर्वाधिक सरमिसळ आढळते.

नेहमी लागणाऱ्या व्यासांना दर इंचास किती आटे असतात, ते पुढील कोष्टकात दिले आहे.

| व्यास (इंच) | व्हिटवर्थ ५५° | बी. एस. एफ. ५५° | सायकल ६०° | युनिफाइड जाड ६०° | युनिफाइड बारीक ६०° |
|---|---|---|---|---|---|
| १/४ | २० | २६ | २६ | २० | २८ |
| ५/१६ | १८ | २२ | २६ | १८ | २४ |
| ३/८ | १६ | २० | २६ | १६ | २४ |
| ७/१६ | १४ | १८ | २६ | १४ | २० |
| १/२ | १२ | १६ | २६ | १३ | २० |

कोष्टकातील साम्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पाव इंच व्यासाला बी. एस. एफ. व सायकल या दोन्ही पद्धतींत २६ आटे आहेत. फरक फक्त कोनाचा. व्हिटवर्थ व युनिफाइड जाड यांची संख्या अर्धा इंच वगळता सारखीच आहे. तेथेही कोन भिन्न आहेत. अशी जोडी फिरते व बसल्यासारखी वाटते, परंतु दोन आट्यांच्या बाजू पूर्ण पृष्ठभागावर न टेकता अरुंद पट्टीवर टेकतात. ताण त्या पट्टीवर एकवटतो, आटे दबतात आणि जोड सैल होतो किंवा आटे निघून येतात.

पान्याच्या आकड्यांचा घोटाळा : व्हिटवर्थ पान्यावरील आकडा पान्याच्या तोंडाचे माप नसून बोल्टच्या व्यासाचे असते. १/४ व्हिटवर्थ पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे सु. १३.३ मिमी. असते. बी. एस. एफ. बोल्टचे डोके एक आकार लहान असल्याने हाच पाना ५/१६ बी. एस. एफ. बोल्टला लागतो. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचविण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टची डोकीही एक आकाराने कमी करण्यात आली. तेव्हापासून पान्यावरून आटा सांगणे अधिकच बेभरवशाचे झाले. युनिफाइड बोल्टला लागणाऱ्या पान्यांवर मात्र समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील प्रत्यक्ष अंतर लिहिलेले असते. ३/१६ व्हिटवर्थ पाना (०.४४५ इंच) ७/१६ इंची युनिफाइड डोक्यावर (०.४३७५ इंच) सैलसर बसतो आणि जोर लावताच डोक्याचे कोपरे गोल करतो. सारांश, पाना बसला एवढ्यावरून आट्याविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

ओळखण्याची रीत : प्रथम बोल्ट तारेच्या ब्रशने व रॉकेलने स्वच्छ करावा. न झिजलेल्या भागावर मायक्रोमीटर किंवा व्हर्नियर कॅलिपर लावून बाह्य व्यास घ्यावा. प्रत्यक्ष माप नाममात्र मापापेक्षा किंचित कमी भरते, हे ध्यानात ठेवावे. ७.९ मिमी.च्या आसपास माप आले, तर तो बोल्ट ५/१६ इंची (७.९४ मिमी.) किंवा मेट्रिक ८ मिमी. यांपैकी कोणताही असू शकतो. निर्णय अंतरालावरून करावा लागतो.

नंतर आटामापक पट्ट्यांनी अंतराल तपासावे. तपासणी शक्य तितक्या लांबीवर करावी, कारण थोड्या आट्यांवर फरक दिसत नाही. दर इंचास २६ आटे म्हणजे ०.९७७ मिमी. अंतराल, ते मेट्रिकच्या १ मिमी.च्या इतके जवळ आहे की, तीन-चार आट्यांवर दोन्ही पट्ट्या बसल्यासारख्या वाटतात. दहा आट्यांवर मात्र सु. ०.२३ मिमी.चा फरक पडतो व तो डोळ्यांना दिसतो. त्याचप्रमाणे दर इंचास २० आटे (१.२७ मिमी.) आणि मेट्रिक १.२५ मिमी. यांची गफलत होते.

शेवटी पट्टी आट्यावर धरून ती प्रकाशाकडे करून पाहावी. ५५° ची पट्टी ६०° च्या आट्यावर ठेवली, तर बाजूंवरून प्रकाशाची बारीक रेघ दिसते. ही कसोटी बी. ए. शून्य क्रमांक व मेट्रिक ६ मिमी. यांच्या बाबतीत अपरिहार्य आहे; दोघांचा व्यास व अंतराल एकच असून कोन अनुक्रमे ४७.५° व ६०° असतात. युनिफाइड बोल्टच्या डोक्यावर वर्तुळाकार खळगा किंवा षट्कोनाच्या बाजूंवर एकमेकांस जोडलेली वर्तुळे कोरण्याची पद्धत होती. अशी खूण दिसल्यास काम सोपे होते. खूण नसली म्हणून आटा युनिफाइड नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

छिद्रातील आटे तपासण्यासाठी मापे माहीत असलेल्या नव्या बोल्टांचा संच उपयोगी पडतो. योग्य बोल्ट बोटांनीच पूर्ण खोलीपर्यंत फिरतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर अडखळला, तर पाना न उचलता तो बाहेर काढावा. पूर्वीच्या एखाद्या मालकाने छिद्र मोठे करून दुसऱ्याच पद्धतीचे आटे पाडलेले असण्याचा संभवही विचारात घ्यावा लागतो. कारखान्याचे नाव, गाडीचे वर्ष व सुट्या भागांची यादी ही केवळ दिशा दाखवितात. अंतिम पुरावा मोजमापाचाच.

भारतातील स्थिती : महायुद्धासाठी आलेल्या ब्रिटिश लष्करी मोटारसायकली युद्धोत्तर काळात लिलावांतून भारतीय नागरिकांकडे आल्या व त्यांबरोबर हे आटेही येथील गॅरेजांत पोहोचले. १९५५ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि रेडिचच्या आराखड्यांवरून बुलेट भारतात तयार होऊ लागली. त्याच सुमारास, १९५६ च्या कायद्याने भारताने वजनमापांची दशमान मेट्रिक पद्धती स्वीकारली. इंच पद्धतीत आखलेले यंत्र आणि मेट्रिक पद्धतीकडे वळलेला देश अशी ही जोडी जमली. जुन्या बुलेटवर ब्रिटिश आटे व पुढील काळातील भागांवर मेट्रिक आटे भेटतात, याचे कारण या योगायोगात आहे. महाराष्ट्रातील शहरांत जुन्या बुलेट दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना म्हणूनच इंची व मेट्रिक असे दोन्ही टॅप-संच जवळ बाळगावे लागतात.

व्हिटवर्थ यांनी आटे एकसारखे केले, ते कोणत्याही कारखान्याचा नट कोणत्याही बोल्टवर बसावा म्हणून. पुढील सव्वाशे वर्षांत सायकलीची नळी, उपकरणाचा स्क्रू, विमानाचे एंजिन व आंतरराष्ट्रीय व्यापार यांच्या गरजांनी त्या एकरूपतेत भर पडत गेली आणि मोटारसायकलीवर या सर्व थरांचे अवशेष एकत्र साचले. अशा गाडीवरील मूळ बोल्ट जपून काढणे, त्याचा आटा मोजून नोंदविणे आणि त्याच मापाचा बोल्ट परत बसविणे हा दुरुस्तीचा भाग आहेच. शिवाय एका मोठ्या उद्योगाची यंत्ररूप कागदपत्रे शाबूत ठेवण्याचाही तोच मार्ग होय.